चेकियात नव्याने आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न : 'दोब्री देन'पासून कार्प माशापर्यंत

चेकियातल्या, म्हणजे झेक प्रजासत्ताकातल्या, ब्रनो शहरात राहायला लागून मला नऊ वर्षं झाली. पुण्याहून कंपनीने पाठवलेली मंडळी, शिकायला आलेली मुलं, नातवंडं सांभाळायला तीन महिने आलेले आजी-आजोबा, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते आहे. यातलं बरंच मी आधी चुकून मग शिकले आहे.

इथली माणसं इतकी तुटक का वागतात? मी काही चुकीचं केलं का?

बहुतेक वेळा एकच चूक झालेली असते : तुम्ही नमस्कार न करता काम सांगितलंत. दुकानात शिरून थेट 'दूध कुठे आहे?' विचारलं की समोरचा चेहरा बंद होतो. आधी 'दोब्री देन' म्हणायचं, म्हणजे 'शुभ दिवस', आणि मग विचारायचं. निघताना 'ना स्ख्लेदानोउ'. लहान दुकान, लिफ्ट, आगगाडीचा डबा, टपालखात्याची खिडकी, सगळीकडे हाच नियम. डॉक्टरकडे बाहेर थांबायच्या खोलीत शिरताना तिथे बसलेल्या सगळ्यांना उद्देशून 'दोब्री देन' म्हणतात, आणि सगळे पुटपुटत का होईना, उत्तर देतात. मला ही प्रथा फार आवडली. (त्याच खोलीत दारावर 'ठोठावू नये' अशी पाटी असेल तर खरंच ठोठावू नका. नर्स बाहेर येऊन विचारते.)

एवढं केल्यावर माणूस लगेच हसून बोलेल असं मात्र नाही. अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसणं इथे थोडं संशयास्पदच वाटतं. 'कसे आहात?' हा प्रश्नही ते खरा प्रश्न म्हणून घेतात. उत्तर बहुधा 'उय्दे तो' असं येतं, आणि त्याचं भाषांतर करायला मला नऊ वर्षांत एकच शब्द सापडला : 'चाललंय'. अगदी त्याच सुरात.

'आहोय' म्हटलं तर चालतं का?

मित्राला चालतं, बँकेतल्या बाईंना नाही. समुद्र नसलेल्या देशात खलाशांची आरोळी रोजचा नमस्कार कशी झाली याची नवखे फार चौकशी करतात. एक अपवाद लक्षात ठेवा. उन्हाळ्यात व्ल्तावा किंवा दुसऱ्या नदीत होडी वल्हवायला गेलात, तर पाण्यावर सगळे सगळ्यांना 'आहोय' म्हणतात, मग समोरच्या होडीत तुमचा साहेब का असेना.

कुणाला 'तू' आणि कुणाला 'तुम्ही'?

इंग्रजीतून चेक शिकणारे इथे अडखळतात, मराठी माणसाला मात्र हे आयतं मिळालेलं आहे. 'ती' म्हणजे तू, 'वी' म्हणजे तुम्ही. फरक दोन गोष्टींत आहे. आपण आईला 'तू' आणि वडिलांना बऱ्याच घरांत 'अहो' म्हणतो. इथे घरात सगळ्यांना 'तू'. आणि दुसरं, 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला रीतसर परवानगी लागते. वयाने मोठा माणूस, बाई किंवा वरिष्ठ असेल त्याने ती द्यायची. धाकट्याने मागायची नाही. दिली की हात मिळवतात, आपलं पहिलं नाव पुन्हा सांगतात, जमलं तर पेल्याला पेला लावतात. आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला सहा वर्षांनी परवानगी दिली. त्या दिवसानंतर पुन्हा 'तुम्ही' म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता, म्हणून मी आठवडाभर वाक्यं मनात जुळवून मगच जिना उतरायचे.

आयटी कंपन्यांत आणि तरुण मंडळींत पहिल्याच दिवशी 'तू' असतं. शंका असेल तिथे 'तुम्ही'. आदर जास्त झाला म्हणून कुणी रागावत नाही.

माझ्या नावापुढे 'ओवा' का लावतात?

चेक बायकांच्या आडनावांना बहुधा 'ओवा' लागतं : नवऱ्याचं नोवाक, तर बायकोचं नोवाकोवा. वर्तमानपत्रं परदेशी बायकांनाही सोडत नाहीत. इंदिरा गांधी चेक पुस्तकांत 'इंदिरा गांधीओवा' असतात. तेव्हा टपालवाल्याने तुम्हाला कुलकर्णीओवा केलं तर मनाला लावून घेऊ नका, कागदोपत्री तुमचं नाव पासपोर्टवर आहे तेच राहतं. चेक बायकांनाही १ जानेवारी २०२२ पासून कारण न देता 'ओवा'शिवाय आडनाव घेता येतं.

आणखी एक गंमत : हाक मारताना नावाचं रूप बदलतं. पेत्र असेल तर 'पेत्र्शे', याना असेल तर 'यानो'. आपली संबोधन विभक्तीच ही, फक्त आपण एकवचनात ती 'देवा', 'बाळा' अशा मोजक्या हाकांपुरती ठेवली आहे आणि ते प्रत्येक नावाला रोज वापरतात. माझ्या ओळखीच्या प्रियाला सगळं ऑफिस 'प्रियो' म्हणतं. तिने सुरुवातीला दुरुस्त करायचा प्रयत्न केला, आता ती ओ देते.

पदव्यांचं मात्र जपा. इंजिनिअर, मॅजिस्टर, डॉक्टर या पदव्या दारावरच्या पाटीवर आणि पत्रावर लिहिल्या जातात. डॉक्टरीणबाईंना 'पानी दोक्तोर्को' म्हणायचं, आडनाव नाही घेतलं तरी चालतं.

फोनवर माणूस सारखा 'नो, नो' म्हणतो. नकार आहे का?

नाही, होकार आहे. 'आनो' म्हणजे हो, आणि बोलण्यात त्याच्या जागी 'नो' येतं. नकाराला 'ने'. माझ्या एका मैत्रिणीने घरमालकाच्या 'नो'ला नकार समजून चांगला फ्लॅट सोडून दिला होता.

घरी जेवायला बोलावलंय. काय न्यायचं, कधी जायचं?

पहिल्यांदा वेळ. 'पूल ओस्मे' असं सांगितलं असेल तर शब्दशः 'आठव्याचा अर्धा', म्हणजे साडेसात. इंग्रजी डोक्याने ऐकणारे साडेआठला जातात. 'तीन पाव आठवर' म्हणजे पावणेआठ. सव्वा-साडे-पावणेवर वाढलेल्यांना हे दोन दिवसांत जमतं. आणि सांगितलेली वेळ म्हणजे तीच वेळ. दहा मिनिटं उशीर होणार असेल तर कळवा. दहा मिनिटं आधी पोचलात तर खाली एक फेरी मारा.

दारात चपला-बूट काढायचे. हे सांगायची वेळ आपल्यावर येत नाही, पण यजमान उगाच भिडस्तपणे 'राहू द्या, राहू द्या' म्हणतात तेव्हा फसू नका. काढाच. मग तुमच्या पायात घरातल्या सपाता सरकवल्या जातात, प्रत्येक घरात पाहुण्यांसाठी टोपलीभर असतात. शाळेतही मुलांना आत वेगळ्या सपाता लागतात, पिशवीवर नाव घालून द्याव्या लागतात. ज्या देशातल्या झ्लीन गावात १८९४ साली बाटाचा कारखाना निघाला आणि ज्यांनी कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं, ते स्वतः घरात बूट घालत नाहीत, याची मला अजून मौज वाटते.

यजमानीणबाईंसाठी फुलं न्या. फुलं विषम संख्येत : तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं मयताला नेतात. आहेरावर वरचा एक रुपया ठेवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. शेवंती टाळा, ती २ नोव्हेंबरच्या आसपास, पितरांच्या दिवसांत कबरींवर वाहतात. फुलांचा कागद दारातच काढून मग गुच्छ द्यायचा ही जुनी रीत, आजी-आजोबांच्या घरी अजून बघितली जाते. वाइनची बाटली किंवा चॉकलेटचा डबाही चालतो. आपल्याकडची मिठाई नेली तर कुतूहलाने खातात, पण 'गोड आहे' असं म्हणतील तेव्हा ती तक्रार आहे हे समजून घ्या.

जेवायला सुरुवात करण्याआधी 'दोब्रोउ खुत्'. आणि आग्रहाचं एक सांगते : तुम्ही 'नको' म्हटलंत की ते बहुधा नकोच समजतात. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा वाढून घ्यायची आपली सवय इथे उपाशी ठेवते.

पबमध्ये न मागता दुसरी बीअर आली. परत करू का?

पहिली संपत आली की दुसरी आपोआप येते. जुन्या धाटणीच्या पबची हीच पद्धत. पुरे झालं असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवा, तेवढं पुरतं. टेबलावर एक कागदाची पट्टी असते, प्रत्येक बीअरला तिच्यावर एक रेघ ओढली जाते. तीच तुमची पावती. तिच्यावर मुलांना चित्रं काढू देऊ नका, आणि हरवू तर मुळीच नका.

हा देश माणशी बीअर पिण्यात जगात पहिला आहे, आणि १८४२ साली प्लझेन शहरात जी सोनेरी बीअर निघाली तिची नक्कल पुढे जगभर झाली, तेव्हा या विषयात ते गंभीर असतात. पेले टेकवताना 'ना झ्द्रावी' म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. प्रत्येकाच्या. हात एकमेकांवरून ओलांडून पेले लावायचे नाहीत. जुन्या पेल्यातली उरलेली बीअर नव्यात ओतली तर शेजारचं टेबलसुद्धा दुःखी होतं. 'दहा' आणि 'बारा' हे आकडे अल्कोहोलची टक्केवारी नव्हेत. ते किण्वनाआधीच्या अर्काचे अंश आहेत, अल्कोहोल त्यापेक्षा पुष्कळच कमी असतं. आणि वरचा फेस हा फसवणूक नसून बीअरचा भाग आहे.

जागा नसेल तर अनोळखी लोकांच्या टेबलाशी जाऊन 'ये तू वोल्नो?' (इथे मोकळं आहे का?) विचारून बसता येतं. बसल्यावर त्यांच्याशी बोलायलाच हवं असं नाही.

मी पीत नाही. चमत्कारिक दिसेल का?

नाही. गाडी चालवणाऱ्याला इथे रक्तात अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे, अर्धा पेलासुद्धा चालत नाही, त्यामुळे 'गाडी आणली आहे' हे कारण सर्वमान्य आहे. बिनअल्कोहोलची बीअर सगळीकडे मिळते. नाहीतर कोफोला मागा. साम्यवादी काळात, १९६० साली, पाश्चात्त्य कोलाला पर्याय म्हणून काढलेलं हे वनस्पतींच्या चवीचं पेय. पहिला घोट काढ्यासारखा लागतो. तिसऱ्यापासून सवय होते.

टिप किती?

बिल वरच्या सोयीच्या आकड्याला न्यायचं, चांगलं जेवण झालं तर दहा टक्क्यांच्या आसपास. पद्धत अशी की पैसे टेबलावर सोडून जायचे नाहीत. बिल २७२ कोरुना झालं तर वेटरला 'तीनशे' असं तोंडाने सांगायचं. नोट देताना नुसतं 'देकुयी' म्हणजे 'धन्यवाद' म्हटलंत तर 'उरलेले ठेवा' असा अर्थ काही वेटर घेतात. मी एकदा हजाराची नोट देऊन मनापासून धन्यवाद म्हटले होते.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

प्राग-ब्रनोत आता काळजी नाही, पण गावात आहे. 'मांस नको' म्हटल्यावर हॅमचे तुकडे घातलेलं काही आलं तर तो खोडसाळपणा नसतो. काही जुन्या स्वयंपाक्यांच्या मते हॅम म्हणजे चव, मांस नव्हे. सूप बहुधा हाडांच्या पाण्याचं असतं, बटाट्याच्या सूपचंही विचारून घ्या. भरवशाचे पदार्थ : 'स्माझेनी सीर' (पाव-चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज), 'ब्राम्बोराक' (लसूण घातलेलं बटाट्याचं थालीपीठ म्हणा हवं तर, पण तेही विचारूनच, त्यात कधी डुकराचं मांस असतं), आंबट मसूर, आणि फळ भरलेले गोड क्नेद्लीक, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. हे शेवटचे म्हणजे जेवणच समजतात, गोड पदार्थ नव्हे. जर्दाळू भरलेला गरम क्नेद्लीक, वर किसलेलं चीज, साखर आणि वितळलेलं लोणी. उकडीचे मोदक खाणाऱ्याला परकं वाटायचं कारण नाही.

दुपारचं जेवण लवकर असतं. अकरापासून उपाहारगृहं भरतात, दीडला चांगले पदार्थ संपलेले असतात. ब्रनोत तर पेत्रोव टेकडीवरच्या कॅथीड्रलमध्ये बाराचे टोल अकरालाच पडतात. १६४५ सालच्या स्वीडिश वेढ्यात सेनापतीने 'बारापर्यंत शहर पडलं नाही तर वेढा उठवीन' म्हटलं आणि गावाने तासभर आधीच घंटा वाजवली, अशी त्याची दंतकथा. मला वाटतं, जेवणाची घाई तेव्हापासूनच आहे.

ट्राममध्ये काय सांभाळायचं?

कागदी तिकीट चढल्यावर यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, बिल्ला दाखवतात, आणि 'मी नवीन आहे' हे त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं. म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायला तरुण पोरं टुणकन उठतात. फोनवर मोठ्याने बोलणं मात्र खटकतं, आणि आपण बोलतो. व्हिडिओ कॉलवर सगळ्या गाडीला आपल्या मावशीची तब्येत कळायला नको.

झेब्रा पट्ट्यांवर मोटारी थांबतात. ट्राम थांबत नाही. कायद्यानेच तिचा हक्क पहिला आहे. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

कुकरच्या शिट्ट्यांवरून शेजाऱ्यांनी चिठ्ठी लावली. आता?

पानेलाकमध्ये, म्हणजे साम्यवादी काळातल्या तयार काँक्रीटच्या इमारतींत, भिंती पातळ असतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ कायद्याने ठरलेली आहे. त्या वेळात कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन बंद ठेवा. रविवारी भिंतीत ड्रिल चालवलंत तर कायदा काही म्हणो, शेजारी बोलायचे थांबतील. चिठ्ठी आली तर रागावण्यापेक्षा जाऊन 'प्रोमिन्यते', म्हणजे 'माफ करा', म्हणा. चिठ्ठी लावतात कारण तोंडावर बोलणं त्यांना जड जातं. आमच्याकडे चिठ्ठी लावणाऱ्या त्याच आजी, ज्यांनी पुढे 'तू' म्हणायला सांगितलं.

शुक्रवारी दुपारनंतर ऑफिस रिकामं का होतं?

सगळे आपापल्या 'खाता'वर किंवा 'खालुपा'वर गेले. पहिलं म्हणजे सुट्टीसाठी बांधलेलं छोटं लाकडी घर, दुसरं म्हणजे घेऊन डागडुजी केलेलं जुनं खेड्यातलं घर. तिथे जाऊन आराम करतात असं समजू नका, गवत कापतात, कुंपण रंगवतात. तुम्हाला कुणी तिथे बोलावलं तर ती ऑफिसातल्या शंभर जेवणांपेक्षा मोठी गोष्ट आहे. जुने कपडे न्या.

पावसानंतर अळंब्या शोधायला जंगलात जाणं हा राष्ट्रीय छंद. १९९५ च्या वनकायद्याने कुणालाही स्वतःपुरत्या अळंब्या नि रानफळं गोळा करता येतात. टोपली आणि लहान चाकू न्यावा, प्लास्टिकची पिशवी नको. जाणत्या माणसाने बघितल्याशिवाय एकही खाऊ नका. हे मी विनोदाने लिहीत नाही. आणि चांगली जागा कुठे आहे हे कुणाला विचारू नका, सख्ख्या भावाला सांगत नाहीत.

रानवाटेवर भेटणाऱ्याला 'दोब्री देन' म्हणतात. शहरात न बघणारी तीच माणसं.

आज तिचा वाढदिवस नाही, तरी फुलं का दिली?

तिचा नामदिन असेल. कॅलेंडरात जवळजवळ प्रत्येक तारखेवर एक नाव असतं : योसेफ १९ मार्चला, आना २६ जुलैला, वात्स्लाव २८ सप्टेंबरला. फूल, चॉकलेट किंवा नुसत्या शुभेच्छा पुरतात. वाढदिवसाला मात्र खाऊ ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आपल्या पेढ्यांसारखाच.

नाताळात बाथटबमध्ये मासा?

पूर्वी बहुतेक घरांत, अजूनही काही घरांत. डिसेंबरच्या उत्तरार्धात रस्त्यांवर मोठ्या निळ्या टाक्या दिसू लागतात, त्यांत जिवंत कार्प. हा रोहू-कटला यांच्याच कुळातला मासा, बराचसा दक्षिण बोहेमियात त्र्शेबोन्यच्या आसपासच्या तळ्यांतला. त्यातलं सगळ्यात मोठं रोझम्बेर्क तळं सोळाव्या शतकाच्या अखेरीस याकुब क्र्चीन याने बांधलं. मासा जिवंत घरी न्यायचा, दोन दिवस टबमध्ये ठेवायचा. मुलं त्याला नाव ठेवतात, मग चोवीस तारखेला रडारड, आणि कितीतरी कार्प परत नदीत सोडले जातात.

खरा सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. दिवसभर उपास केला तर भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं, असं मुलांना सांगतात. एकादशीला फराळ तरी असतो! रात्री तळलेला कार्प आणि बटाट्याचं सॅलड. जेवणाच्या मध्येच टेबलावरून उठायचं नाही, अशुभ मानतात. सफरचंद आडवं कापून आत चांदणी दिसली तर वर्ष चांगलं. कार्पचा एक खवला पाकिटात ठेवायचा, पैसा टिकतो म्हणे. माझ्या पाकिटात तीन आहेत. मग घंटी वाजते, आणि भेटी आलेल्या असतात. त्या येझीशेक, म्हणजे बाळ येशू आणतो. तो दिसतो कसा हे कुणालाच माहीत नाही, आणि लाल कपड्यांतल्या म्हाताऱ्याबद्दल चेक आजीपुढे बोलू नये.

चोवीसला दुपारी बारानंतर मोठी दुकानं कायद्याने बंद. दूध-कणीक तेवीसलाच भरून ठेवा. अडलंच तर कोपऱ्यावरची व्हिएतनामी कुटुंबाची 'वेचेर्का', म्हणजे उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान, बघा.

ईस्टरच्या सोमवारी सहकाऱ्याने वेताची छडी दाखवली. हे काय?

वेत नाही, वाळुंजाच्या कोवळ्या फांद्यांची वेणी. तिला 'पोम्लाझ्का' म्हणतात, तरुण करणारी. सकाळी पुरुष नि मुलगे घरोघरी जाऊन बायकांच्या पायांवर ती हलकेच मारतात, म्हणजे वर्षभर निरोगी राहतील अशी समजूत. बदल्यात रंगवलेली अंडी, रिबीन, मोठ्यांना दारूचा छोटा पेला. दुपारपर्यंत सगळं आटोपतं. मोराव्हियाच्या, म्हणजे देशाच्या पूर्व भागातल्या, खेड्यांत पाण्याचीही बादली येते.

शहरातल्या अनेक बायकांना हे मुळीच आवडत नाही, गावातल्या काहींना कुणी आलं नाही तर वाईट वाटतं. मला स्वतःला विचाराल तर अंडी रंगवायला आवडतात, बाकीचं राहू द्या. परदेशी पुरुषाने घरच्यांनी हातात दिल्याशिवाय छडी उचलू नये.

पोहण्याच्या तलावावर हटकलं. का?

तुम्ही अंघोळ न करता उतरलात किंवा गुडघ्यापर्यंतची सैल चड्डी घातलीत. आधी साबण लावून अंघोळ, तीही कपडे काढून, बायका बायकांच्या आणि पुरुष पुरुषांच्या खोलीत. सौनामध्ये तर फक्त चादर गुंडाळतात. पहिल्या वेळी लाज वाटते. कुणीही तुमच्याकडे बघत नाही, हेही पहिल्याच वेळी कळतं.

कशावर बोलणं टाळावं?

'पूर्व युरोप' म्हणू नका. ते स्वतःला मध्य युरोपातले म्हणवतात, आणि नकाशा काढून प्राग व्हिएन्नाच्या पश्चिमेला आहे हे दाखवतात. 'चेकोस्लोव्हाकिया' १ जानेवारी १९९३ पासून नाही. 'तुमची भाषा रशियनसारखी वाटते' हे कौतुक म्हणून सुद्धा बोलू नये. ऑगस्ट १९६८ मध्ये रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे बघितलेली माणसं अजून आहेत.

आई-बाबा तीन महिने येणार आहेत. त्यांना काय सांगून ठेवू?

दोन शब्द पाठ करवून घ्या, 'दोब्री देन' आणि 'देकुयी'. गरम मोजे, घरात घालायच्या चपला. माझी आई आली तेव्हा दोब्री देन तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती लिफ्टमध्ये सरळ हात जोडून 'नमस्कार' म्हणायची. चौथ्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी टोपी काढून 'नामास्कार' म्हटलं. आता आई पुण्यात आहे, आणि ते मला लिफ्टमध्ये तेच म्हणतात.